अ‍ॅम्बेसेडरच्या इंजिनातली टकटक: इंजिन उतरवण्याआधी एवढं बघून घ्या

हे लिहितोय ते १४८९ सीसीच्या पेट्रोल इंजिनाच्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरवाल्यांसाठी. मार्क-टू, थ्री, फोर, सगळ्यांना चालेल. फियाटवाल्यांनीही वाचावं, मापं सोडली तर बरंचसं त्यांनाही लागू पडतं. २०२३ च्या जानेवारीत लक्ष्मीविलास पॅलेसवर जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं, त्यानंतर बडोद्यात आजोबांची गाडी शेडमधून बाहेर काढणाऱ्यांना ऊत आलाय. चांगलंच आहे. पण माझ्याकडे येणारा प्रत्येक जण गॅरेजमधून एकच वाक्य सोबत घेऊन येतो: "काका, एन्जिन खोलवुं पडशे."

कधीकधी खोलावं लागतंही. पण हाताखालून गेलेल्या गाड्यांत आवाज खरोखर क्रँकजवळचा, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याजवळचा, निघालाय अशा थोड्याच. बाकीच्यांत दोष बाहेर लटकलेल्या एखाद्या वस्तूचा, नाहीतर हेडवरच्या टॅपेटचा (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातल्या फटीचा). इंजिन उतरवणं हा शेवटचा उपाय आहे, आणि त्याआधीच्या बहुतेक तपासण्या फुकटात होतात.

आधी लक्षणं

गाडीचं बॉनेट उघडण्याआधी आवाजाचं वर्णन स्वतःच्या शब्दांत कागदावर लिहून काढा. कसा येतो, त्यापेक्षा कधी येतो हे जास्त महत्त्वाचं.

वरून येणारी बारीक, कोरडी टिकटिक, रेस दिली की त्याच प्रमाणात वाढणारी: टॅपेट, रॉकर, किंवा ब्लॉकच्या बाजूचा पेट्रोल पंप.

सकाळी गार इंजिनाला फट-फट किंवा चफ-चफ, दहा मिनिटांत कमी होणारी: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं पॅकिंग. धातू तापून फुगला की फट बुजते, म्हणून आवाज विरतो.

गार असताना पोकळ थपथप, गरम झाल्यावर गायब: पिस्टन सिलिंडरमध्ये थोडा सैल आहे. याला घाबरायचं कारण नाही. ऑइल पीत नसेल, धूर नसेल तर गाडी खुशाल चालवा. पुढचं काही वाचलं नाहीत तरी चालेल.

चढावर किंवा टॉप गिअरमध्ये हळू जाताना पाय दाबला की खणखण, आणि चावी बंद केल्यावरही इंजिन दोन-चार गचके खातं: हे नॉकिंग. दोष टायमिंगचा (ठिणगी पडायच्या वेळेचा), पेट्रोलचा किंवा आत साचलेल्या कार्बनचा, लोखंडाच्या झिजेचा नव्हे.

पुढून खळखळ, विशेषतः रेस सोडताना: टायमिंग चेन (क्रँकवरून व्हॉल्व्ह उघडणारी कॅमशाफ्ट फिरवते ती).

पुढून कर्रकर्र किंवा चीं: डायनॅमो, वॉटर पंप, फॅन बेल्ट.

खालून जड ठकठक, पायाखाली जाणवणारी. रेस धरून एकदम सोडली की वाढत असेल तर बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँकवरचं बेअरिंग). गाडी ओढताना, लोड आला की घुमत असेल तर मेन बेअरिंग (क्रँक ब्लॉकमध्ये ज्यावर फिरतो ते). हा एकच आवाज असा आहे की तो ऐकल्यावर गाडी जागेवरून हलवायची नाही. पण तो नक्की तोच आहे का, हे ठरवण्यासाठीच बाकीचा सगळा खटाटोप.

एक गोष्ट आत्ताच सांगतो, कारण मला रोज कोणी ना कोणी मोबाइलवर आवाज टिपून पाठवतं. फोनचा माइक खालचे जड आवाज गाळून टाकतो. त्यामुळे फोनवर बिग एंडसुद्धा टॅपेटसारखा ऐकू येतो आणि माणूस निर्धास्त होतो. आवाज कानानेच ऐका.

१. डिपस्टिक

सपाट जागेवर, इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबून बघा. पातळी कमी असेल तर भरा आणि परत ऐका. हे इतकं उघड आहे की कोणी करतच नाही.

पण पातळी जास्त दिसली तर जास्त सावध व्हा. काठी नाकाशी धरा. पेट्रोलचा वास येतोय? आपल्या गाड्यांचा पेट्रोल पंप ब्लॉकला बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टच्या धक्क्याने चालतो. त्यातला पडदा फाटला की पेट्रोल थेट संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्यात) उतरतं. ऑइल पातळ होतं, प्रेशर पडतं, आणि धडधाकट बेअरिंग वाजायला लागतात. आता पंपावर मिळणारं पेट्रोल वीस टक्के इथेनॉलचं आहे. जुन्या रबराचा पडदा त्यात फुगतो, कडक होतो, चिरतो. त्यामुळे ही तक्रार वाढली आहे. इलाज पंपाचं नवं किट (इथेनॉल सोसणाऱ्या पडद्याचं मागून घ्या) आणि नवीन ऑइल, २०डब्ल्यू-५०. पेट्रोलमिश्रित ऑइलवर गाडी "जरा फतेहगंजपर्यंत" नेऊन बघू नका.

ऑइल दुधट असेल तर त्यात पाणी आहे. बोटावर चोळून उन्हात धरल्यावर चमचम दिसली तर ती बेअरिंगची धातू आहे. दोन्हीपैकी काहीही दिसलं तर इथेच थांबा, शेवटच्या भागावर या.

२. हलणारं काय काय आहे ते हाताने हलवा

इंजिन बंद, गार. पंख्याचं पातं पुढे-मागे ओढा. वॉटर पंपाच्या बेअरिंगला खेळ असेल तर इथेच कळतो. पंपाच्या खालच्या भोकातून गंजाचा ओघळ आला असेल तर नक्की. पात्यांचे रिव्हेट आणि मुळाशी गेलेली बारीक चीर बघा. एअर क्लीनरचा बोल्ट, डायनॅमोची पट्टी, सायलेन्सरचा पाइप चॅसीला टेकतोय का, इंजिन माउंटिंगचं रबर बसलंय का.

या टप्प्यावर सापडलेली एक गाडी इथे सांगण्यासारखी आहे. दांडिया बाजारातली मार्क-टू, मालक सत्तरीचे, गाडी वडिलांची. खालून ठकठक, अगदी बिग एंडसारखी, आणि एका गॅरेजने इंजिन बांधायचा अंदाजही देऊन ठेवलेला. डायनॅमोची पुली दोन बोटांत धरून हलवली तर शाफ्टवर डुगडुगली. नट सैल, आणि चावीची (पुली शाफ्टवर अडकवणाऱ्या छोट्या तुकड्याची) खाच खाऊन रुंद झालेली. इंजिन दर फेऱ्याला पुलीला खाचेत आपटत होतं आणि तो आवाज ब्रॅकेटमधून ब्लॉकमध्ये उतरत होता. पुली, चावी आणि नट बदलले, आवाज गेला. क्रँकची पुली सैल असली तरी अगदी हाच प्रकार होतो, फक्त आवाज आणखी जड येतो.

पाने घालताना एक लक्षात ठेवा: ही इंची गाडी आहे. मिलिमीटरचे पाने "बसतात" म्हणून घालू नका, नटांचे कोपरे गोल होतात आणि पुढच्या माणसाच्या शिव्या बसतात.

३. बेल्ट काढून एक मिनिट

फॅन बेल्ट उतरवा, गार इंजिन चालू करा. आवाज गेला तर दोष डायनॅमो किंवा वॉटर पंपात, इंजिन निर्दोष. एका मिनिटाच्या वर चालवायचं नाही. बेल्ट नाही म्हणजे पाणी फिरत नाही, आणि बडोद्याच्या मे महिन्यात तर इंजिन बघता बघता तापतं.

आता बेल्ट चढवा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्लच दाबा. दाबल्यावर आवाज गेला तर गिअरबॉक्सचं पुढचं बेअरिंग. दाबल्यावर आला तर क्लचचं रिलीज बेअरिंग. दोन्हीसाठी इंजिन खोलायची गरज नाही, जरी गिअरबॉक्स उतरवावा लागला तरी.

४. कुठून येतोय

लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानामागच्या हाडाला टेकवा, टोक इंजिनाला. रॉकर कव्हर, पेट्रोल पंप, पुढचं टायमिंग कव्हर, ब्लॉकची बाजू, संप अशी एकेक जागा घ्या. जिथे आवाज कानात घुसतो तिथे दोष जवळ. मॅनिफोल्डसाठी मात्र रबरी नळीचा तुकडा बरा: एक टोक कानाशी, दुसरं जोडावरून फिरवा. गळणाऱ्या वायूचा आवाज धातूतून नीट येत नाही, हवेतून येतो. ओढणी, मफलर, शर्टाची मोकळी बाही, पंख्याजवळ काहीही नको.

टायमिंग लाइट असेल तर एक युक्ती करा. दिवा एक नंबरच्या वायरला लावा. तो क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा चमकतो. दर चमकीला एकच टक आला तर आवाज कॅमशाफ्टच्या वेगाचा, म्हणजे टॅपेट, पेट्रोल पंप वगैरे. दर चमकीला दोन आले तर आवाज क्रँकच्या वेगाचा, म्हणजे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, पुली, फ्लायव्हील. या एका चाचणीने निम्मी यादी गळून पडते, आणि मिस्त्रीशी बोलताना तुमचं वजनही वाढतं.

५. प्लग एकेक मारून

इंजिन स्लोवर. इन्सुलेशनवाल्या पकडीने एका प्लगची वायर काढून ब्लॉकला टेकवा, म्हणजे करंट जमिनीत जाईल. तो सिलिंडर मेला. जड ठोका त्या वेळी कमी झाला किंवा बदलला तर त्या सिलिंडरच्या बिग एंडकडे बोट. ठोका दुहेरी झाला तर गजन पिनकडे (पिस्टन कनेक्टिंग रॉडला जोडणारी पिन). टॅपेटचा आवाज मात्र कुठलाही प्लग मारला तरी बदलत नाही, कारण त्याला स्फोटाशी देणंघेणं नाही. हे का करायचं तर बिग एंडवरचा भार त्या सिलिंडरच्या स्फोटातून येतो. स्फोट काढून घेतला की ठोकाही हलका होतो. वायर काढताना ती लटकत सोडू नका. झटका बसतो, कॉइलचंही बरं होत नाही.

६. नॉकिंग असेल तर डेल्को (डिस्ट्रिब्यूटर)

बडोद्यात चढ कुठे शोधायचा? गेंडा सर्कलच्या अटल ब्रिजवर सकाळी लवकर, टॉप गिअरमध्ये कमी वेगाने चढा आणि पाय दाबा. तिथे नाही झालं तर पावागडला माचीचा घाट आहेच, तिथे लपत नाही.

डेल्कोतल्या पॉइंटमधली फट ०.०१५ इंचाच्या आसपास आहे का बघा, मगच टायमिंग. डेल्कोवरची छोटी बारीक फिरणारी मूठ थोडी रिटार्डकडे (ठिणगी उशिरा पडेल अशी) फिरवा आणि परत चढा. खणखण गेली की तेवढंच. जास्त रिटार्ड केलंत तर गाडी ओढणार नाही आणि तापेल. डेल्कोच्या आतली वजनं गंजून पुढे अडकली असतील तर मूठ कितीही फिरवून उपयोग नाही. झाकण काढून रोटर हाताने फिरवा, सोडल्यावर तो स्प्रिंगने मागे यायला हवा. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे फार वेळा सापडतं.

७. टॅपेट

इथे जरा थांबतो, कारण बहुतेक टकटकीचं उत्तर इथे आहे आणि बहुतेक लोक ते अर्धवट करतात.

माप आहे १५ थाऊ, म्हणजे ०.०१५ इंच. गरम इंजिनावर घ्यायचं की गार, ते तुमच्या गाडीच्या पुस्तकात आहे तसंच घ्या. एकदा गरम, एकदा गार असं करू नका. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) शे-दोनशे रुपयांत मिळतो.

चारही प्लग काढा, पुढून इंजिन हाताने फिरवायचं हँडल घाला. मार्क-टूला हँडल असण्याचा खरा उपयोग हाच. पुढून मागे व्हॉल्व्ह एक ते आठ मोजा. आता नऊचा हिशेब: जो व्हॉल्व्ह पूर्ण दबलेला आहे त्याचा आकडा नवातून वजा करा, जो उरेल तो लावा. आठवा दबला की पहिला लावायचा, सहावा दबला की तिसरा, चौथा दबला की पाचवा, आणि असंच पुढे. हा हिशेब पाठ असला की चुकत नाही, आणि कोण दबलंय हे डोळ्याने दिसतंच.

लॉकनट सैल करा, स्क्रू फिरवा, गेज हलका अडकून सरकला पाहिजे, मग नट कसताना स्क्रू धरून ठेवा. कसल्यावर परत मोजा, कारण कसताना माप हलतंच.

आता खरी गोम. माप बरोबर, तरी टिकटिक चालूच. रॉकरचं टोक व्हॉल्व्हवर आपटून आपटून त्याला छोटा खड्डा पडतो. गेजची सपाट पाती त्या खड्ड्यावर पुलासारखी आडवी बसते. गेज सांगतो १५, प्रत्यक्षात फट असते २० किंवा जास्त. ओळखायचं कसं? रॉकर कव्हर काढून इंजिन स्लोवर ठेवा, ऑइल थोडं उडेल. गेज एकेका रॉकरखाली सरकवा. ज्याच्या खाली गेल्यावर टिकटिक थांबते तो चोर. रॉकर काढून टोक घासून घ्यावं लागेल, किंवा रॉकर बदला. शाफ्टलाही खालच्या बाजूला झीज असते, ती नखाला लागते. आणि प्रत्येक रॉकरवर ऑइल पाझरतंय का तेही याच वेळी बघा. एखादा कोरडा असेल तर शाफ्टची भोकं गाळाने बुजलीत.

उलटा प्रकार जास्त धोक्याचा आहे. नेहमी थोडी टिकटिकणारी गाडी अचानक गप्प झाली, तर खूश होऊ नका. आपल्या हेडमध्ये व्हॉल्व्हच्या सीट थेट बिडाच्या धातूतच कोरलेल्या आहेत. शिशाचं पेट्रोल होतं तोवर त्याचा थर या सीटना सांभाळायचा. २००० साली ते देशभर बंद झालं. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो, फट कमी होत जाते, आवाज बंद होतो, आणि एक दिवस एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण न मिटल्याने जळतो. एक, चार, पाच, आठ हे एक्झॉस्ट. त्यांची फट दर वेळी घट्ट होत चालली असेल तर हेड उतरवून कडक धातूच्या सीट बसवायची वेळ आली आहे. ते काम लेथवाल्याचं.

८. मॅनिफोल्ड आणि पेट्रोल पंप

गार इंजिन चालू करा, पहिल्या मिनिटातच जोडावर साबणाचं पाणी शिंपडा. बुडबुडे आले तिथे पॅकिंग गेलंय. नट थोडे थोडे, मधून बाहेर कसा. गंजलेला स्टड जबरदस्तीने फिरवलात तर हेडमध्ये तुटतो, आणि शंभर रुपयांच्या पॅकिंगचं काम हजारांत जातं. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा.

पेट्रोल पंपाला स्क्रू ड्रायव्हर टेकवून टक कानात आला तर त्याचा हात किंवा पिन झिजलाय. नुसता आवाज असेल तर घाई नाही.

९. टायमिंग चेन

डेल्कोचं झाकण काढा. हँडल उलट फिरवलं की सुटतं, म्हणून गाडी टॉप गिअरमध्ये घालून थोडी पुढे ढकला म्हणजे क्रँक एका बाजूला फिरेल, मग हळूच मागे. कोणीतरी रोटरकडे बघत राहा. क्रँक उलटा फिरायला लागल्यावर रोटर हलायला किती उशीर होतो, तेवढा चेन आणि डेल्कोच्या गिअरचा मिळून खेळ. थोडा असतोच. क्रँक चांगलाच सरकतोय आणि रोटर ढिम्म, असं असेल तर चेन आणि टेन्शनर बदलायचे. इथपर्यंतची तपासणी घरी करा, काम मिस्त्रीला द्या. पुढचं कव्हर काढायला क्रँकची पुली उतरवावी लागते, सील नवं घालावं लागतं, आणि खुणा जुळवताना एक दात चुकला तर गाडी नीट चालणार नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

ऑइल प्रेशरचा साधा गेज भाड्याने किंवा उसना आणून जोडा. डॅशबोर्डवरचा दिवा विझलाय यावर विसंबू नका, तो फारच कमी प्रेशरला लागतो. गरम इंजिनाला चालताना ५० पौंडांच्या (दर चौरस इंचाला) आसपास आणि स्लोवर १५ च्या वर हवं. प्रेशर कमी आणि खालून जड ठोका, ही जोडी जमली की चावी काढा. त्यानंतरचा प्रत्येक किलोमीटर क्रँकच्या पृष्ठभागावरून जातो. बेअरिंग स्वस्त असतात, क्रँक नाही.

ऑइलमध्ये चमचम किंवा दुधटपणा, तोच निर्णय. आणि गाडी पुरात उभी राहिली असेल तर कुठलाही आवाज तपासायलासुद्धा सेल्फ मारू नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी गल्लोगल्ली शिरलं, त्यानंतर "चालू होतंय का बघू" म्हणून सेल्फ मारलेल्या गाड्या वाकलेल्या कनेक्टिंग रॉडसह आल्या. पाणी दाबलं जात नाही, रॉड वाकतो. आधी प्लग काढायचे, ऑइल सोडायचं, आणि हँडलने हळूच फिरवून पाणी बाहेर येतंय का बघायचं. हँडल अडलं तर तिथेच सोडा.

गाडी टोइंगवर न्या. मिस्त्रीला "आवाज येतो" एवढंच सांगू नका. कधी येतो, कुठला प्लग मारल्यावर बदलला, प्रेशर किती आलं, हे कागदावर लिहून द्या. क्रँक ग्राइंड करायचा असेल तर मकरपुरा जीआयडीसीत चांगली दुकानं आहेत. आधी क्रँक मोजून घ्या आणि किती थाऊ घासला, १० की २० की ३०, ते लिहून मागा, कारण नवे बेअरिंग त्याच मापाचे लागतात. ग्राइंडिंगनंतर क्रँकमधले ऑइलचे रस्ते पूर्ण साफ केलेत का, हे स्वतः उभं राहून बघा. ग्राइंडिंगचा भुसा आत राहिला तर नव्या बेअरिंगसकट सगळं परत करावं लागतं.